भूतकाळाची तयार उत्तरं

मी फ्रान्सला कधीही गेलेले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मुलुंडला माझ्या घरी फ्रेंच शिकायला येणाऱ्यांच्या आईवडिलांनी एकोणतीस वर्षं मला दुसरा प्रश्न हाच विचारला. पहिला प्रश्न, मार्क किती पडतात. पहिल्याचं उत्तर ऐकलं की दुसऱ्याच्या उत्तराकडे कुणाचं लक्ष नसायचं.

आमच्या उपनगरांत फ्रेंच ही भाषा नाही, तो एक विषय आहे. अकरावी-बारावीची मुलं ती घेतात, कारण ती ‘स्कोअरिंग’ आहे. मराठीत एवढे मार्क पडत नाहीत म्हणून सख्खी मराठी पोरं फ्रेंच घेतात, आणि मी त्यांना ती शिकवून माझं घर चालवलं. तेव्हा याबद्दल तोंड वर करून बोलायचा मला अधिकार नाही. एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ मात्र खरोखर बोलायला शिकायला आले होते. नातू माँट्रियलला, त्याच्याशी बोलायचं होतं. वर्षभर मान मोडून शिकले. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर नातू म्हणाला, आजोबा, इंग्लिशमध्ये बोला ना. त्यानंतर ते आले नाहीत. वही माझ्याकडेच राहिली.

शेवटची काही वर्षं मुलांपेक्षा मोठी माणसं जास्त येऊ लागली. कॅनडाला कायमचं जायचं तर फ्रेंचची परीक्षा दिली की गुण वाढतात, हे सगळ्यांना कळलं होतं. लिहिणं, वाचणं, ऐकणं कसंबसं जमायचं. बोलण्यात सगळ्यांची वाट लागायची. समोर परीक्षक बसतात आणि म्हणतात, तुमच्या आयुष्यात घडलेला एखादा प्रसंग सांगा. आपल्या माणसाला वाटतं, माझ्या आयुष्यात कुठे काय घडलंय?

म्हणून आम्ही क्लासवाल्यांनी ‘तयार उत्तरं’ काढली. एका पानावर एक प्रसंग, टाइप केलेला. पाठ करायचा आणि परीक्षेत आठवल्यासारखं करून सांगायचा. माझ्याकडे अशा पानांची फाइल होती. लग्नाला उशिरा पोहोचलो. पाकीट हरवलं आणि परत मिळालं. शेजारणीचं मांजर. खालचा झेरॉक्सवाला मला विचारायचा, ‘मॅडम, आज मांजर का पाकीट?’ यात काही वाईट आहे असं मला कधी वाटलं नाही. परीक्षेला वाफाळतं उत्तर लागतं आणि लोकांना स्वयंपाक येत नाही, मग डबा पुरवायला कुणीतरी हवंच ना. मी माझ्या फाइलवर खूश होते.

आता एवढ्यासाठी थोडं फ्रेंच सांगावं लागेल. घाबरू नका, परीक्षा नाही.

फ्रेंचमध्ये एक काळ आहे, भूतकाळाच्याही मागचा भूतकाळ. दोन गोष्टी घडल्या, दोन्ही होऊन गेल्या, पण त्यातली एक दुसरीच्या आधी घडून गेली होती. मी स्टेशनवर पोहोचले, गाडी सुटली होती. यातली गाडी या काळात जाते. बनवायला तो सोपा आहे. ‘जवळ असणे’ या अर्थाचं एक मदतीचं क्रियापद असतं, त्याचं जुन्या काळातलं रूप आधी लावायचं, आणि मूळ क्रियापदाची शेपटी बदलून ते मागे जोडायचं. नियमित क्रियापद असेल तर शेपटी एकाच तऱ्हेने बदलते, शेकडो क्रियापदांना तीच. मी पाढ्यांसारखं म्हणून घ्यायचे. ‘कूपे’ म्हणजे कापणे. झाव्हे कूपे, मी कापलं होतं. त्यु आव्हे कूपे, तू कापलं होतंस. इल आव्हे कूपे. नूझाव्यों कूपे. वूझाव्हिये कूपे. इल झाव्हे कूपे. दहा माणसं हॉलमध्ये हे एका सुरात म्हणायला लागली की समोरच्या फ्लॅटमधल्या काकू दार लावून घ्यायच्या.

रूपं लगेच पाठ होतात. घोडं पेंड खातं ते वापरताना. आपण मराठी माणसं ‘काल मी दादरला गेलो होतो’ असं साधं साधं बोलतानाही ‘होतो’ लावतो. नंतर काहीच घडलेलं नसतं, तरी लावतो. फ्रेंच माणूस हे ऐकून वाट बघत बसतो, की बरं, दादरला गेला होतास, मग पुढे काय झालं? पुढे काही नसतं. मी वर्गात ओरडायचे, ‘अरे, आधीचं तेव्हाच सांगा, जेव्हा नंतरचं काही सांगायचंय!’

त्या बॅचला मी ‘कापणे’ दिलं होतं. प्रत्येकाने या काळात एक वाक्य करायचं. कुणी कांदा कापला होता, कुणी केक. हर्षल नावाचा घाटकोपरचा सॉफ्टवेअरमधला मुलगा होता, त्याने उद्घाटनाची फीत कापली होती. मग प्रणालीची पाळी आली.

प्रणाली नर्स होती, घाटकोपरच्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये. घर कांजूरमार्गच्या पलीकडे खाडीकडच्या कोळीवाड्यात. वडील आधी खाडीत मासेमारी करायचे, खाडीत पकडण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मिठागरावर राखणीला लागले, आणि दोन वर्षांपूर्वी वारले. आई बाजारात मासे विकायची. प्रणालीला बत्तिसावं लागायला थोडे महिने होते. तिशीनंतर दर वाढदिवसाला कॅनडाच्या यादीतले गुण कापले जातात, म्हणून तिला घाई होती. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारते, का जायचंय. बाकीचे पगार, शाळा, हवा वगैरे म्हणाले. ही म्हणाली, ‘घरातून लांब जायचंय, मॅडम. थंड असलं तरी चालेल.’

सगळ्यांना वाटलं ही मासा कापणार. हर्षल हसायच्या तयारीत बसला होता. तिने वही न बघता सांगायला सुरुवात केली. एक वाक्य सांग म्हटलं होतं, तिने पाच सांगितली.

बाबांनी मला बोलावलं होतं. आईने फोन लावला होता. मी फोन कापला होता. मी पोहोचले तेव्हा डॉक्टरांनी बाबांचे डोळे मिटले होते. आईने चादर ओढली होती.

आणि ती खाली बसली. 

‘मरणे’ हे क्रियापद फ्रेंचमध्ये अनियमित आहे. ते मी अजून शिकवलं नव्हतं. तिच्याकडे तो शब्दच नव्हता, म्हणून तिने जेवढी नियमित क्रियापदं येत होती तेवढ्यांत बापाचं मरण बसवलं होतं. बोलावणे, कापणे, मिटणे, ओढणे. माझे डोळे भरून आले. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी मी मनातल्या मनात बोटांवर मोजत होते. पाच वाक्यं, पाचही बरोबर. एकही ‘होतं’ फुकट नाही. एकोणतीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने हा काळ इतका अचूक वापरला नव्हता.

‘व्हेरी गुड, प्रणाली,’ मी म्हटलं. हे मी म्हटलं. 

वर्ग संपल्यावर ती चपला घालत होती. म्हणाली, ‘मॅडम, हे मी पहिल्यांदाच बोलले. मराठीत तोंडातून बाहेरच येत नाही. घरी आईला मी सांगितलंय की फोन लॉकरमध्ये होता.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे हातातच होता ना. पेशंटचं ड्रेसिंग चाललं होतं. मला वाटलं, आई विचारणार, येताना काय आणू. दोनदा कट केला.’ मग ती हसली. ‘फ्रेंचमध्ये कसं, कुणाला कळत नाही. बोलून टाकता येतं.’

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिने माझ्यावर किती विश्वास टाकला असेल, हे मला आत्ता कळतं.

त्याच शनिवारी मी ते टाइप केलं. तिची पाच वाक्यं जशीच्या तशी, आधी दोन ओळींची प्रस्तावना, शेवटी ‘त्या दिवसापासून मी प्रत्येक फोन उचलते’ असा समारोप माझा. नर्सिंग होमच्या जागी ऑफिस घातलं. तिला विचारलं का? नाही. विचारावं असं मनातही आलं नाही. आमच्या धंद्यात चांगलं वाक्य सगळ्यांचं असतं. मांजर आणि पाकीटसुद्धा कुणाकुणाची खरीच होती. परीक्षा पंधरा दिवसांवर होती आणि बॅचमधल्या निम्म्या लोकांना अजून सांगायला प्रसंग नव्हता. मला हा सोन्यासारखा प्रसंग हाती लागला होता.

प्रणालीला त्या दोन आठवड्यांत डबल ड्युट्या लागल्या, ती वर्गाला आलीच नाही. बाकीच्यांना मी प्रती वाटल्या. तिची प्रत बाजूला काढून ठेवली होती, मग परत फाइलमध्ये घातली. तिचं तिलाच कशाला द्यायचं, असं मला वाटलं. म्हणजे ते तिचं आहे हे मला चांगलं माहीत होतं. बावळटपणाने झालं असं म्हणायचीसुद्धा सोय मला राहिलेली नाही.

परीक्षेच्या दिवशी माझ्या क्लासचे पाच जण एकाच परीक्षकांकडे गेले. फ्रेंच बाई होत्या, वयस्कर, सगळ्यांशी गोड बोलत होत्या म्हणे. हर्षल दुसरा होता. त्याने सांगितलं, बाबांनी बोलावलं होतं, मी फोन कापला होता. त्याचे बाबा तेव्हा इमारतीखाली गाडीत बसले होते, त्याला सोडायला आले होते. त्याच्यानंतर आणखी दोघींनी तेच सांगितलं. पाचवी प्रणाली.

हे मला तिनेच सांगितलं, निकाल लागल्यावर, माझ्या दारात उभं राहून. आत ये म्हटलं तर आली नाही.

‘प्रसंग सांगा म्हणाल्या. मी सुरू केलं. तिसऱ्या वाक्याला त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, हे मी आज तीनदा ऐकलंय. तुमचं स्वतःचं काही सांगा.’

‘मग?’

‘मग काय मॅडम. बसून राहिले ना. माझ्याकडे दुसरं काय आहे?’

मी काहीतरी बोलले असेन. पुन्हा परीक्षा देता येते, फेरतपासणी असते, असं काहीतरी.

‘मी खाली आले तर हर्षलच्या हातात कागद होता. मी मागितला. वाचला.’ तिचा आवाज चढला नाही. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायची सवय असेल. ‘तुम्ही माझ्या बापाची झेरॉक्स काढलीत, मॅडम. आणि वाटलीत.’

ती गेली. तिच्या बोलण्याच्या परीक्षेचा निकाल काय लागला ते सांगायला नको. बाकीचे चौघे पास झाले. हर्षलने पेढे पाठवले, ते मी कामवालीला दिले. प्रणालीचा वाढदिवस पुढच्या परीक्षेच्या आधी येऊन गेला.

मी फोन केले, तिने उचलले नाहीत. तिच्या नर्सिंग होममध्ये गेले. ती काउंटरवर होती. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘नंबर घ्या आणि बसा.’ मी खरंच नंबर घेतला आणि बसले. नंबर आला तेव्हा काउंटरवर दुसरी मुलगी होती.

शेवटी एका सोमवारी दुपारी मी कोळीवाड्यात गेले. ती घरी नसणार हे माहीत होतं. तिच्या आईला भेटावं, काहीतरी करून मुलीला परत पाठवायला सांगावं, फुकट शिकवीन म्हणावं, असं मनात होतं. आई दारात बसून जवळा निवडत होती. वारा कचऱ्याच्या डम्पिंगकडून येत होता, पण वासाचं कुणाला काही वाटत नव्हतं. मी ओळख सांगितली. तिने पाट पुढे सरकवला.

‘तुम्ही फ्रेंचवाल्या बाय ना? पोरगी घरात दिसभर पुटपुटायची. मना पन येतं आता.’ आणि तिने जवळ्यावरून हात न काढता म्हणून दाखवलं. मों पेर आव्हे आपले. झाव्हे कूपे. उच्चार माझ्या पहिल्या बाकावरच्या मुलांपेक्षा चांगला होता. ‘पेर म्हंजे बाप, येवढं तिनं सांगितलं. पुढचं इचारलं तं बोलते, परीक्षेचं हाय. काय म्हनते ती, बाय?’

एकोणतीस वर्षं मी चुकीच्या भाषांतराला लाल पेनाने रेघ मारली. मी म्हटलं, ‘म्हणते, बाबांनी बोलावलं होतं. मी धावत निघाले होते.’

तिने मान वर केली. ‘आणि कूपे?’

‘धावणं.’

तिने जवळ्यातलं शेवाळ वेचून काढलं. मग म्हणाली, ‘मी दिसभर गिऱ्हाइकांना फोन लावते, बाय. सुरमई आली, पापलेट आलं. निम्मी लोकं फोन कापतात. कापलेला फोन मना कलत नाय काय? दोनदा कापला तिनं. तिसऱ्यांदा मी लावलाच नाय. ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर व्हतं.’

तिने निवडलेला जवळा एका बाजूला सरकवला.

‘मना कधीपासून म्हाईत हाय, पन ती लॉकर बोलली, मी पन लॉकर बोलले. मना म्हाईत हाय असं तिला कललं तं ती या घरात मान वर करनार नाय. तुम्ही पन बोलू नका.’ मग जरा पुढे वाकून, जसं काही आतून कुणी ऐकेल, तिने विचारलं, ‘तिथं तरी खरं बोलली ना ती? परीक्षेत? मोकली झाली ना?’

‘बोलली,’ मी म्हटलं.

‘मंग? ती परीक्षा घेनारी बाय काय म्हनली?’

 समोर ही बाई जवळा निवडायची थांबून माझ्याकडे बघत होती. तिच्या मुलीने माझ्या घराबाहेर जगात एकदाच, एका परक्या बाईसमोर, कबुली द्यायचा प्रयत्न केला होता, आणि तो माझ्यामुळे तिसऱ्या वाक्याला थांबला होता.

‘ऐकलं म्हणाली,’ मी म्हटलं. ‘ऐकलं.’

तिने पदराने नाक पुसलं. ‘बरं झालं,’ म्हणाली. मला निघताना मूठभर जवळा कागदात बांधून दिला.

मी क्लास बंद करून आता दीड वर्ष झालं. फाइल रद्दीत दिली. मायलेकी त्याच दोन खोल्यांत राहतात, एक बाजारात जाते, एक ड्युटीवर जाते. दोघींना एकच गोष्ट माहीत आहे आणि दोघी एकमेकींना ती माहीत नसल्यासारखं वागतात. मधोमध मी. आईने मला बोलू नका म्हणून बजावलं, मुलगी माझ्याशी बोलत नाही. इतके दिवस मी शब्द पाळला. त्यात माझा चांगुलपणा नव्हता, मला तिच्या दारात परत जायची हिंमत नव्हती.

या अंकाच्या संपादकांनी क्लासच्या गमतीजमती लिहा म्हणून सांगितलं होतं. मी बसले आणि हेच लिहून झालं. नाव बदललंय. बाकी सगळं तिचंच आहे. तिच्या नर्सिंग होममध्ये, पेशंट बसतात तिथल्या टीपॉयवर, दिवाळीत हा अंक ठेवलेला असतो. मी नंबर घेऊन बसले होते तेव्हा बघितला होता.

तू वाचलंस तर तुला ओळखू येईल. आईला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तिने तिसरा फोन का लावला नाही, ते तिला विचार. घरी जाऊन, मराठीत.

हे छापायला देताना मी तुला विचारलेलं नाही. या वेळीही नाही.